थांबायचं कोणी?

बँकेच्या काचेवर ‘सर्व्हर डाऊन’ असा कागद चिकटला की पुण्या-मुंबईत त्याचा एकच अर्थ निघतो: आज काम होत नाही, उद्या या. बीड जिल्ह्यात आणखी एक अर्थ निघतो. 2023 पासून इथल्या काही मल्टिस्टेट पतसंस्थांच्या शाखांना कुलपं लागली. आयुष्यभराची ठेव अडकलेली माणसं मोर्चे काढून, उपोषणाला बसून थकली. तेव्हापासून काउंटरवरचा संगणक अर्धा तास जरी अडला तरी रांगेत कुजबुज सुरू होते. एखादी म्हातारी जाळीतून वाकून विचारते, “सर्व्हरचं ऱ्हाऊ द्या ओ साहेब, पैसे हायेत ना?” कॅशियरकडं उत्तर असतं, पण ते दाखवायचा पडदाच बंद पडलेला असतो.

ही हकिकत ज्याची आहे तो इंजिनिअर इथल्याच एका सहकारी बँकेचे सर्व्हर सांभाळतो. बँकेचं नाव इथं नको. तो केज तालुक्यातला, अंबाजोगाईला शिकलेला आणि नंतर पुण्यात नोकरीला लागलेला. पुण्यात त्याच्या वाट्याला आलं ते काम घरी समजावून सांगणं अवघड होतं. मोबाइलचं ॲप नाही, वेबसाइट नाही. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरखाली, कुणाला न दिसणाऱ्या थरात चालणारं सॉफ्टवेअर, आणि ते अडलं की रात्री-अपरात्री परदेशातून येणारा फोन.

स्टोरेज आणि क्लस्टरिंग हा पुण्याच्या आयटीतला जुना आणि भरभक्कम धंदा आहे, हे त्या वर्तुळाबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. व्हेरिटास या अमेरिकन कंपनीचं मोठं विकास केंद्र पुण्यात होतं. तिचा व्हॉल्यूम मॅनेजर अनेक डिस्क एकत्र बांधून वापरणाऱ्याला हवी तशी डिस्क दाखवायचा आणि तिचा क्लस्टर सर्व्हर एका यंत्राचं काम ते पडलं की दुसऱ्या यंत्रावर उचलून न्यायचा. 2005 मध्ये सिमँटेकनं व्हेरिटास विकत घेतली, 2016 मध्ये ती पुन्हा वेगळी झाली. 2024 च्या अखेरीस तिचा डेटा संरक्षणाचा धंदा कोहेसिटीत गेला आणि क्लस्टरिंगचं सॉफ्टवेअर आर्क्टेरा नावाच्या नव्या कंपनीकडं आलं. पाट्या बदलत गेल्या. पण ते सॉफ्टवेअर ज्या प्रश्नाभोवती फिरतं तो प्रश्न 1980 च्या दशकापासून तोच आहे.

दोन यंत्रं सतत एकमेकांना ‘मी जिवंत आहे’ असा निरोप पाठवत असतात. या निरोपाला हार्टबीट म्हणतात. पलीकडून निरोप येईनासा झाला, तर पलीकडचं यंत्र मेलं की फक्त मधली तार तुटली? अलीकडच्या यंत्राला हे कळायला काहीच मार्ग नसतो. व्हेरिटासच्या क्लस्टरमध्ये मूळ मांडणीत 16 सेकंद वाट पाहिली जाते, कोरोसिंकसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जेमतेम एक ते तीन सेकंद. त्यानंतर निर्णय घ्यावा लागतो, आणि तो अपुऱ्या माहितीवरच घ्यावा लागतो.

सर्व्हर आभासी झाले तेव्हा हा प्रश्न सुटेल असं पुष्कळांना वाटलं होतं. एका लोखंडी यंत्रात दहा-वीस व्हर्च्युअल मशीन, यंत्र बंद पडलं की व्हीएमवेअर या कंपनीचं सॉफ्टवेअर त्या मशीन शेजारच्या यंत्रावर आपोआप सुरू करणार. व्हीएमवेअरनं ही सोय 2006 मध्ये आणली आणि ती खरोखर उपयोगी आहे. पण पुण्यातल्या रात्रपाळ्यांत हा इंजिनिअर जे पाहत होता ते वेगळंच होतं. मशीन चालू, पिंगला उत्तर देतेय, आणि आतला डेटाबेस मात्र गोठलेला. बाहेरच्या देखरेखीला आतलं काही दिसत नाही, त्यामुळं सगळे दिवे हिरवे. कुठं कुणी हौसेनं दोन व्हर्च्युअल मशीनचा क्लस्टर बांधलेला असायचा आणि भार सारखा करायच्या नादात दोन्ही मशीन एकाच लोखंडी यंत्रावर येऊन बसलेल्या असायच्या. ते यंत्र गेलं की जोडी एकदमच जायची. सगळ्यात फसवा प्रकार स्नॅपशॉटचा, म्हणजे बॅकअपसाठी घेतलेल्या मशीनच्या त्या क्षणाच्या प्रतीचा. रात्री बॅकअप झाला, स्नॅपशॉट पुसला जाऊ लागला की मशीन काही सेकंद थिजते. तेवढ्यात हार्टबीट चुकतो. पलीकडचा नोड, म्हणजे क्लस्टरमधलं दुसरं यंत्र, समजतो, गेला बिचारा, आणि त्याचं काम आपल्याकडं ओढून घेतो. मग थिजलेला जागा होतो. त्याच्या लेखी मधे काही घडलेलंच नसतं.

2020 मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा तो गावी आला आणि परत गेला नाही. बीड, माजलगाव, गेवराईकडच्या लहान संस्थांच्या देखभालीची कंत्राटं घ्यायला लागला. पुण्याच्या मानानं सगळंच किरकोळ: बंद खोलीत एक रॅक, दोन टनांचा एसी, खाली यूपीएसच्या बॅटऱ्या, मागं डिझेल जनरेटर. परळीचं औष्णिक केंद्र याच जिल्ह्यात, पण त्यामुळं बीडची लाइट जात नाही असं कुणी समजू नये. परळीची वीज ग्रिडमध्ये जाते आणि 2015 च्या दुष्काळात तर पाणीच नसल्यामुळं ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. मे महिन्यात खोलीचा एसी बंद पडला की सर्व्हरचे पंखे कारखान्यासारखे ओरडतात. उंदीर केबल कुरतडतात. हे सगळं त्यानं गृहीत धरलेलंच होतं.

बँकेत त्याला बोलावलं ते एका संध्याकाळी, घाईनं. दसरा झाला होता. ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांची उचल वाटली जाण्याचे ते दिवस, त्यामुळं शाखांत गर्दी. बँकेनं बाहेरगावच्या एका व्हेंडरकडून आधीच क्लस्टर बसवून घेतला होता. एक सर्व्हर मुख्य कार्यालयात, दुसरा बँकेच्याच दुसऱ्या इमारतीत, मधे फायबर. दोन्हीकडच्या डिस्कवर सारखाच डेटा राहावा म्हणून डीआरबीडी हे सॉफ्टवेअर होतं. व्हिएन्नाच्या फिलिप राइसनरनं सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर 2010 मध्ये लिनक्सच्या मूळ गाभ्यात सामील झालं, जगभर वापरलं जातं आणि आपलं काम चोख करतं. त्या दिवशीही त्यानं चोखच केलं.

पाइपलाइनसाठी खोदणाऱ्या जेसीबीनं फायबर तोडली. दोन्ही सर्व्हर धडधाकट होते. मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरला वाटलं, पलीकडचा मेला, आपण चालू ठेवू. पलीकडच्याला वाटलं, मुख्य मेला, आता आपली पाळी. त्यानं स्वतःकडची प्रत उघडली आणि कामाला लागला. निम्म्या शाखांची लाइन मुख्य कार्यालयात उतरत होती, निम्म्यांची दुसऱ्या इमारतीत. कुठल्याच काउंटरवर काही अडलं नाही. पावत्या छापून निघत होत्या. दुपारी एका ग्राहकानं एका शाखेत पैसे भरले आणि दुसऱ्या शाखेत शिल्लक विचारली तेव्हा ती जुळेना. एकाच गटाचे दोन सातबारे निघावेत आणि दोन्हींवर तलाठ्याची सही खरी असावी, तसा हा प्रकार. या विकाराला जगभरचे तंत्रज्ञ ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. या दोन प्रती एकत्र करता येत नाहीत. डीआरबीडीला खाती, व्यवहार, ग्राहक यांतलं काही कळत नाही. त्याला फक्त डिस्कवरचे ठोकळे कळतात. फायबर जोडल्यावर ते दोन्हीकडं पाहतं, दोन्हीकडं बदल झालेले दिसतात आणि ते हात वर करतं. मग एका बाजूला बसून एक आज्ञा टाइप करावी लागते, जिच्यात ‘डिसकार्ड माय डेटा’ असे शब्द असतात. एंटर दाबलं की त्या बाजूचा दिवसभराचा डेटा गेला. कोणती बाजू टाकायची? इंजिनिअरनं ठरवायला नकार दिला. तो म्हणाला, हे माझं काम नाही. सरव्यवस्थापकांनी कागदावर लिहून सही करून दिलं, मग दुसऱ्या इमारतीतली डिस्क जशीच्या तशी वेगळी काढून ठेवली गेली, आणि त्यानंतरच आज्ञा दिली गेली. त्या बाजूच्या शाखांचे व्यवहार व्हाउचर पाहून हातानं पुन्हा चढवले. कारकून रात्री उशिरापर्यंत बसले. त्यांतला एक जण वैतागून म्हणाला, “सर, बंद पडलं असतं तर बरं झालं असतं की.”

त्या कारकुनाला कुणी शाबासकी दिली नाही, पण बोलला ते अगदी अचूक होतं.

व्हेंडरनं काय सोडलं होतं ते उघड होतं. पेसमेकर या क्लस्टर व्यवस्थापकात फेन्सिंग नावाची सोय असते: ज्याच्याबद्दल शंका आहे त्या यंत्राची वीज तोडायची, ते नक्की बंद झाल्याची खात्री करायची आणि मगच त्याचं काम उचलायचं. इंटरनेटवरच्या पुष्कळ मार्गदर्शिका पहिल्याच पायरीवर ही सोय बंद करायला सांगतात, कारण ती चालू असली की सराव करणाऱ्याला अडथळा होतो. सरावासाठी ठीक आहे. बँकेत तीच ओळ तशीच उतरली होती.

संचालकांपैकी एकानं विचारलं, असं मोठ्या ठिकाणी होत नसेल ना? होतं. 21 ऑक्टोबर 2018 ला प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या गिटहबच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरचा संपर्क एक सदोष ऑप्टिकल उपकरण बदलताना अवघे 43 सेकंद तुटला. तेवढ्यात तिथल्या स्वयंचलित व्यवस्थेनं पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसना मुख्य नेमलं. पूर्वेकडं काही सेकंदांचे बदल असे राहिले जे पश्चिमेकडं पोचलेच नव्हते. आता दोन्हीकडं वेगवेगळं लिहिलेलं. गिटहबनं ठरवलं की सेवा रखडली तरी चालेल, पण लोकांचा डेटा जपायचा. 43 सेकंदांचं निस्तरायला 24 तास 11 मिनिटं लागली.

मुंबईचं उदाहरण तर त्याहून बोलकं. 24 फेब्रुवारी 2021 ला राष्ट्रीय शेअर बाजारातले व्यवहार सकाळी 11:40 ला थांबवावे लागले आणि दुपारी 3:45 ला पुन्हा सुरू करून पाच वाजेपर्यंत चालवावे लागले. बाजाराचं मुख्य केंद्र आणि जवळचं दुसरं केंद्र यांच्यामध्ये दोन वेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक होत्या. दोन्ही अस्थिर झाल्या, आणि नंतरच्या खुलाशात दोन केंद्रांमधल्या रस्त्यावरचं खोदकाम हे कारण आलं. बीडचा जेसीबी आणि मुंबईचा जेसीबी यांत फरक नाही. पण खरी मेख पुढं आहे. जवळच्या दुसऱ्या केंद्रातली प्रत तुटली तरी मुख्य केंद्रातलं स्टोरेज चालू राहायला हवं होतं, तशीच त्याची रचना होती. प्रत्यक्षात त्या स्टोरेजनं अनपेक्षित वागून आपल्याच सर्व्हरला दाद देणं बंद केलं आणि जोखीम मोजणारी यंत्रणा अनुपलब्ध झाली. सुरक्षिततेसाठी जोडलेली तार नसती तर तिच्या तुटण्यानं काही बिघडलंही नसतं.

यावरून कुणी जोडणीच नको असा निष्कर्ष काढला तर तो भाबडा ठरेल. टँडम या कंपनीत काम करणाऱ्या जिम ग्रे या संगणकतज्ज्ञानं 1985 मध्ये संगणक का थांबतात याचा अभ्यास केला होता. बिघाड सहन करण्यासाठीच बांधलेल्या यंत्रांचा तो अभ्यास होता आणि त्यात हार्डवेअरचा वाटा 18 टक्के निघाला. चालवणाऱ्या आणि देखभाल करणाऱ्या माणसांकडून झालेले बिघाड होते 42 टक्के. एकाला दोन यंत्रं केली की लोखंडाचा धोका कमी होतो, पण मांडणी गुंतागुंतीची होते आणि माणसाला चुकायला जागा वाढते. ग्रेंचे आकडे जुने झाले, पण बीडच्या त्या रॅकसमोर उभं राहिल्यावर ते जुने वाटत नाहीत.

बँकेनं मग क्लस्टर नव्यानं बांधायचं ठरवलं. नेमक्या त्याच काळात ब्रॉडकॉम या कंपनीनं नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली, कायमचे परवाने विकणं थांबवलं आणि वर्गणीचा धंदा सुरू केला. लहान संस्थांना आलेली कोटेशनं पाहून लेखापाल घाबरले. इंजिनिअरनं प्रॉक्समॉक्स निवडलं. तेही व्हिएन्नाचंच, मुक्त सॉफ्टवेअर, 2008 पासूनचं. यात बहुमत नसलेला, म्हणजे निम्म्याहून जास्त मतं ज्याच्या बाजूला नाहीत असा, नोड गप्प बसतो, आणि त्याच्यावर महत्त्वाची मशीन असेल तर साधारण मिनिटभरात स्वतःच स्वतःला रीस्टार्ट करतो. तेवढा अवधी गेल्यावरच दुसरीकडं ती मशीन उठते. म्हणजे फेलओव्हरला, काम एका यंत्रावरून दुसऱ्यावर जायला, दोनेक मिनिटं लागतात. व्यवस्थापकांना ही दोन मिनिटं खुपली. “एवढा खर्च करून दोन मिनिटं बंदच?” ती दोन मिनिटं कशासाठी आहेत हे समजवायला त्यानं मागच्या दसऱ्याची व्हाउचरं पुढं ठेवली.

दोन नोडमध्ये बहुमत होत नाही. तिसरं मत लागतं. त्यासाठी तिसरा सर्व्हर घ्यायची गरज नाही, हातभर लांबीचाही नसलेला रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक पुरतो, कारण त्याला डेटा ठेवायचा नसतो, फक्त मत द्यायचं असतं. तो कुठं ठेवायचा यावर मात्र बरीच चर्चा झाली. मुख्य कार्यालयाच्या रॅकमध्ये ठेवला तर त्या इमारतीची लाइट गेल्यावर दोन मतं एकदम जाणार. दुसऱ्या इमारतीत ठेवला तरी तेच. शेवटी एका तालुक्याच्या शाखेत ठेवला, जिची लाइन दोन्ही इमारतींना वेगवेगळ्या वाटांनी पोचते. शाखाधिकाऱ्यांनी आधी ते यंत्र म्हणजे कॅमेऱ्याचा काहीतरी भाग समजून साफसफाईत बाजूला काढलं होतं. आता त्यावर लाल स्टिकर आहे.

मग चाचण्या. इथं इंजिनिअरचा आणि व्यवस्थापकांचा खरा वाद झाला. चालू असलेल्या सर्व्हरची वायर मुद्दाम का ओढायची? पण वायर ओढल्याशिवाय काही गोष्टी कळतच नाहीत. आधीच्या मांडणीत फेन्सिंग चालू करून पाहिलं तेव्हाच एक खोड सापडली होती. सर्व्हरच्या आत एक छोटा स्वतंत्र नियंत्रक असतो, त्याला दुरून आज्ञा देऊन वीज तोडता येते. पण सर्व्हरचा पुरवठाच पूर्ण गेला तर तो नियंत्रकही मरतो, ‘बंद केलं’ असं सांगायला कुणी उरत नाही, आणि जिवंत नोड खात्री मिळत नाही म्हणून ताटकळत बसतो. म्हणजे नेमकी लाइट गेली तेव्हाच क्लस्टर निकामी! पुण्याच्या चकचकीत डेटा सेंटरमध्ये हे क्वचित दिसेल. बीडमध्ये पहिल्याच उन्हाळ्यात दिसलं असतं.

वाद मिटवायला त्याला शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीचा आधार मिळाला. शेअर बाजाराच्या त्या प्रसंगानंतर, मार्च 2021 मध्ये, सेबीनं बाजारसंस्थांना नियम घालून दिला: महत्त्वाची यंत्रणा अडली तर 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यापुढच्या 45 मिनिटांत काम पूर्ववत करायचं. 2 मार्च 2024 ला, शनिवारी, शेअर बाजारानं तर काही काळ खरे व्यवहार पर्यायी केंद्रातून चालवून दाखवले. सहकारी बँकेला हा नियम लागू नाही, पण संचालक मंडळाला उदाहरण पुरलं. बँका दुसऱ्या शनिवारी बंद असतात. तो दिवस वायर ओढण्याचा ठरला.

एक गैरसमज मात्र अजून पुरता गेलेला नाही. दोन प्रती आहेत म्हणजे बॅकअप आहे, असं संचालकांपैकी काहींना वाटतं. जुलै 2024 च्या शेवटी, लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला वेगळं काढलं आणि देशातल्या सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार अडले. तेव्हा बीडमध्येही विचारणा झाली, आपला क्लस्टर अशा वेळी वाचवील का? नाही वाचवणार. एका डिस्कवरची फाइल कुलूपबंद झाली की डीआरबीडी ते कुलूप दुसऱ्या डिस्कवर तितक्याच इमानदारीनं उतरवतं. म्हणून टेपवर आणि नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर वेगळा बॅकअप, आणि तो अधूनमधून उघडून पाहणं, हे कंटाळवाणं काम चालूच आहे.

डेटाची तिसरी प्रत पुण्यात ठेवली जाते; राहिला तिचा प्रश्न. बीड शहरातल्या दोन इमारतींत डेटा एकाच वेळी लिहिता येतो. पुणे रस्त्यानं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर 100 किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद, आणि फायबर काही सरळ रेषेत जात नाही. प्रत्येक नोंदीला पुण्याच्या होकाराची वाट पाहायला लावली तर गर्दीच्या दिवशी काउंटर रेंगाळतील. म्हणून पुण्याची प्रत काही सेकंद मागं राहते. बीडच्या दोन्ही इमारती एकदम गेल्या, तर तेवढ्या सेकंदांचे व्यवहार पुण्याला माहीत नसतील.

संचालक मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी हेच धरलं. “मग त्या सेकंदांतल्या पावत्यांचं काय करायचं?” इंजिनिअरनं सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं नाही. त्यानं अर्ध्या पानाची सूचना वाचून दाखवली: पुण्याला काम हलवल्यावर कोणत्याही शाखेनं लगेच काउंटर उघडायचा नाही. प्रत्येक कॅशियरनं हातातली शेवटची दहा व्हाउचरं पडद्याशी ताडून पाहायची, जी दिसत नाहीत त्यांवर लाल पेनानं खूण करून शाखाधिकाऱ्याची सही घ्यायची, ती पुन्हा चढवायची आणि मग मुख्य कार्यालयाला फोन करून शाखा सुरू करायची. एका संचालकानं विचारलं, तोवर ग्राहकांना काय सांगायचं? त्यावर बराच वेळ खल झाला. ‘सर्व्हर डाऊन’ लिहायचं नाही, एवढं एकमतानं ठरलं. ‘नोंदी तपासणी सुरू आहे, ठेवी सुरक्षित आहेत, काउंटर इतक्या वाजता उघडेल’ असा फलक छापून प्रत्येक शाखेत ठेवायचा आणि वेळेची जागा पेनानं भरायला कोरी सोडायची, असा ठराव झाला. छपाईचं काम बाजारातल्या प्रेसला दिलं आहे.